पंचरंगी ते वानखेडे : मुंबईच्या मैदानावरची चुरस आणि राजकारण

मुंबईत क्रिकेटचे पहिले मोठे भांडण जमिनीवरून झाले. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, पारशी तरुण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून खेळत होते. ओरिएंटल क्रिकेट क्लब हा त्यांचा पहिला क्लब १८४८ चा. १८७५ मध्ये त्याच पटांगणाच्या कडेला बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्याचे सभासदत्व फक्त युरोपियनांना होते आणि त्यांतल्या लष्करी अधिकाऱ्यांना पोलोचा नाद होता. जिमखान्याची स्वतःची हिरवळ जपून ठेवली जाई आणि पोलोची घोडी उरलेल्या पटांगणावर, देशी पोरांच्या खेळपट्ट्यांवर धावत. टापांनी उखणलेल्या जमिनीवर चेंडू कसाही उसळे. १८८१ च्या सुमारास अर्जफाटे सुरू झाले आणि ते बरीच वर्षे चालले. शापुरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या लढ्याची हकीकत इंग्रजी पुस्तकात छापली. त्या अर्जांवर पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडूंच्या सह्या एकत्र होत्या. मुंबईच्या मैदानावर पुढच्या साठ वर्षांत असे दृश्य क्वचितच दिसले.

सरकारने तोडगा काढला तो प्रत्येक समाजाला वेगळी जागा देण्याचा. समुद्राला लागून असलेल्या केनेडी सी फेसवर आधी पारशी जिमखान्याला, मग १८९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत इस्लाम जिमखान्याला आणि हिंदू जिमखान्याला भूखंड मिळाले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचे उद्घाटन १८९४ मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी केले. हे हॅरिस इंग्लंडचे माजी कर्णधार. १८९० ते १८९५ या कारकिर्दीत त्यांनी राज्यकारभारापेक्षा क्रिकेटकडे अधिक लक्ष दिले, असे त्यांचे टीकाकार म्हणत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा ते पुण्याला गणेशखिंडीत होते आणि शहरात उशिरा आले, याबद्दल त्यांच्यावर बरीच झोड उठली. मरीन ड्राइव्हवरून आजही ओळीने दिसणारे हे जिमखाने त्या धोरणाचे अवशेष आहेत. धर्मावर आधारलेले संघ मुंबईकरांच्या स्वभावातून आपोआप उगवले, असे मानण्याचा प्रघात आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. जमिनीचा नकाशाच समाजवार आखला गेला होता आणि खेळ त्या नकाशावर उभा राहिला.

पारशी संघाने १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले. जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्रज संघ मुंबईत आला असताना पारशांनी त्याला बॉम्बे जिमखान्यावर चार गडी राखून हरवले. डॉ. मेहेल्लाशा पावरी यांच्या वेगवान माऱ्याची चर्चा त्यानंतर वर्षानुवर्षे चालली. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना ठरून गेला. त्याला प्रेसिडेन्सी सामना म्हणत, आणि त्याची एक फेरी मुंबईत तर दुसरी पुण्यात होई. पारशी समाज इंग्रजी राज्याशी जुळवून घेणारा होता, तेव्हा या चुरशीत राजकीय धार फारशी नव्हती. गोऱ्या साहेबाला त्याच्याच खेळात गाठले, एवढे समाधान होते. ती धार हिंदू संघ मैदानात उतरल्यावर आली.

हिंदूंचे क्लबही सुरुवातीला जातवार होते. गौड सारस्वत क्रिकेट क्लब, क्षत्रिय क्रिकेट क्लब, गुजराती युनियन अशी नावेच ते सांगतात. या क्लबांमधून एक ‘हिंदू’ संघ निवडायचा म्हणजे जातीचा प्रश्न टाळता येणारच नव्हता, आणि तो उभा केला पालवणकर बंधूंनी. बाळू पालवणकर चर्मकार समाजातले, मूळचे रत्नागिरीकडचे. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम होते. कॅप्टन ग्रेग यांना ते तासन्‌तास चेंडू टाकत; बाद केल्याबद्दल ग्रेग आठ आणे देत, असे सांगतात. त्यांची डावखुरी फिरकी इतकी अवघड होती की पुण्याच्या सवर्ण हिंदू क्लबाला त्यांना घेणे भाग पडले. मैदानावर सगळ्यांनी त्यांच्या हातचा चेंडू झेलायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जायचे. पुढे ते मुंबईला आले, बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू संघाचे मुख्य अस्त्र बनले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना मुंबईत १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. वेळही तशीच होती. बंगालची फाळणी होऊन काही महिनेच झाले होते, पुण्या-मुंबईत स्वदेशीची चळवळ तापली होती, आणि आदल्या वर्षी जपानने रशियाचा पराभव केला होता. देशी वृत्तपत्रांनी या विजयाचा अर्थ धावफलकापलीकडे लावला. सामाजिक सुधारणावाद्यांनी त्यात आणखी एक गोष्ट हेरली : अस्पृश्य खेळाडूंना बरोबर घेतले म्हणून हिंदू जिंकले. एका सामन्याचे असे दोन अर्थ एकाच वेळी निघत होते, एक राज्यकर्त्यांविरुद्धचा आणि एक समाजाच्या आतला, आणि दुसरा अर्थ अधिक काळ टोचत राहिला.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. दरम्यान १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघात बाळूंनी ११४ बळी घेतले होते. संघाचा दौरा फसला, पण परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटत होता. इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी अंग काढून घेतले आणि तसे निवेदन प्रसिद्ध केले. गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आणला होता, आणि त्या हवेत निवड समितीला हा बहिष्कार परवडणारा नव्हता. बाळूंना उपकर्णधार करून तडजोड झाली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. हिंदू संघाच्या इतिहासात हा क्षण सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा. नंतरच्या शतकांचा आणि द्विशतकांचा झगमगाट अधिक असला तरी त्यांतून समाजात काही हलले नाही.

बाळू पुढे थेट राजकारणात उतरले. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. चौरंगीने घडवलेली लोकप्रियता किती मोठी होती, हे त्या दुसऱ्या आकड्यातून कळते.

चौरंगीचा हंगाम म्हणजे मुंबईचा सणच असे. सामने बॉम्बे जिमखान्यावर होत; कडेने शामियाने पडत, झाडांवर माणसे लटकत, कचेऱ्या ओस पडत. नागपूर, कराची, लाहोर अशा शहरांतही याच नमुन्याच्या स्पर्धा निघाल्या. १ डिसेंबर १९२६ रोजी याच मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना मूळचे नागपूरचे सी. के. नायडू यांनी आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाची धुलाई करत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. त्याच महिन्यात पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी हिंदी संघाकडून १४८ धावा काढल्या. हिंदी क्रिकेट कसोटीच्या योग्यतेचे आहे, हे गिलिगनना या दौऱ्यात पटले, आणि १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. धर्मवार संघांच्या स्पर्धेतून राष्ट्रीय संघ तयार झाला, ही विसंगती तेव्हा फारशी कोणाला खुपली नाही.

ती खुपू लागली सविनय कायदेभंगाच्या काळात. १९३० ते १९३३ अशी चार वर्षे चौरंगी झालीच नाही. माणसे तुरुंगात असताना सण साजरा करायचा कसा, हा त्यामागचा सरळ विचार होता. १९३४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी ए. एफ. एस. तल्यारखान यांनी रेडिओवरून तिचे धावते वर्णन केले. त्यांचा आवाज पुढे घराघरांत ओळखीचा झाला. गंमत अशी की हेच तल्यारखान नंतर या स्पर्धेचे कडवे विरोधक बनले. १९३४ मध्येच प्रांतांची रणजी स्पर्धाही सुरू झाली होती, पण तिला प्रेक्षक मिळत नव्हते. प्रांत हरला तर मुंबईकराच्या जिवाला घोर लागत नसे. हिंदू, मुसलमान किंवा पारशी संघ हरला तर लागे.

डिसेंबर १९३७ मध्ये बॅक बेच्या भरावावर उभारलेले ब्रेबॉर्न स्टेडियम खुले झाले. स्पर्धा तिथे हलली आणि ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा ‘इतर’ हा पाचवा संघ आल्याने ती पंचरंगी झाली. पहिल्याच वर्षी हिंदू संघाने माघार घेतली. कारण होते आसने. स्टेडियमच्या मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने प्रत्येक जिमखान्याला दिलेला वाटा हिंदू जिमखान्याला अपुरा वाटला. सभासद जास्त तर जागा जास्त, असा त्याचा दावा होता. विधिमंडळात कोणत्या समाजाला किती जागा, यावर ज्या वर्षांत देशभर खल चालू होता, त्याच वर्षांत प्रेक्षागृहातल्या जागांचा हा वाद त्याच हिशेबाने आणि जवळपास त्याच भाषेत चालला. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीचीही स्पर्धा मुसलमानांनी जिंकली.

१९४० च्या मार्चमध्ये मुस्लिम लीगने लाहोरला वेगळ्या राज्यांचा ठराव केला. ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. अशा वेळी पंचरंगी खेळवावी का, हे विचारायला हिंदू जिमखान्याचे लोक डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींकडे गेले. युद्धाच्या आणि तुरुंगवासाच्या काळात करमणूक नको, हा गांधीजींच्या उत्तराचा अपेक्षित भाग होता. त्यापुढे जाऊन ते म्हणाले की कॉलेजा-कॉलेजांत किंवा संस्था-संस्थांत सामने समजू शकतात, पण हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ का असावेत हे आपल्याला कधीच उमगले नाही. खेळात तरी हे भेद नकोत. जिमखान्याच्या सर्वसाधारण सभेत थोडक्या मतांच्या फरकाने माघारीचा ठराव झाला. ती स्पर्धा हिंदू संघाशिवाय झाली.

त्यानंतरची पाच वर्षे हा वाद मुंबईच्या वृत्तपत्रांत धुमसत राहिला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने आणि त्याचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्र यांनी स्पर्धेविरुद्ध मोहीमच उघडली. काही संस्थानिकांनी आपल्या पदरच्या खेळाडूंना तिच्यात खेळायला मज्जाव केला. समर्थकांचा युक्तिवादही टाकाऊ नव्हता : मैदानावर कधी दंगा झालेला नाही, उलट एकमेकांच्या खेळाला टाळ्या मिळतात, मग जातीय तेढीचे खापर क्रिकेटच्या माथी का? पैशाचाही प्रश्न होताच. ब्रेबॉर्नचा खर्च भागवणारी गर्दी दुसऱ्या कोणत्याच सामन्याला जमत नव्हती. १९४१ मध्ये हिंदू संघ परत आला आणि जिंकला, १९४२ मध्ये चले जाव आंदोलनामुळे स्पर्धा रद्द झाली.

आणि नेमक्या याच, राजकारणाने सर्वांत तापलेल्या काळात पंचरंगीचे सर्वांत मोठे सामने झाले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० च्या जोरावर ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘इतर’ संघ १३३ धावांत कोसळला आणि त्याला फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे एकटे उभे राहिले. संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांच्या. धाकटे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली आणि तीत विवेक यांचा वाटा २१ होता. हजारे मराठी ख्रिस्ती कुटुंबातले; म्हणून ते ‘इतर’. महाराष्ट्राच्या रणजी संघात देवधर, हजारे आणि बाकीचे मराठी खेळाडू एकत्र खेळले होते, आणि ब्रेबॉर्नवर त्यांना वेगळ्या शामियान्यांत बसावे लागे. १९४४ चा अंतिम सामना याहून चुरशीचा झाला. मुसलमानांनी हिंदूंना एक गडी राखून हरवले. मुंबईचे के. सी. इब्राहिम सलामीला येऊन शेवटपर्यंत १३७ धावांवर नाबाद राहिले. बाहेर गांधी-जिना बोलणी फिसकटून काही आठवडेच झाले होते, तरीही मैदानावर काही अनुचित घडले नाही. समर्थकांचे म्हणणे या सामन्याने खरे ठरवले आणि तरी स्पर्धेचा शेवट टळला नाही. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. १९४६ मध्ये मंडळाने पंचरंगीच्या जागी विभागवार स्पर्धा आणली. इब्राहिम भारताकडून कसोटी खेळले आणि काही वर्षांनी कराचीला स्थायिक झाले.

ऑगस्ट १९४७ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवडलेल्या भारतीय संघाचे सराव शिबिर पुण्यात भरले होते. लाहोरचे वेगवान गोलंदाज फजल महमूद त्यात होते. परतीच्या गाडीत जमावातल्या काहींनी त्यांना घेरले तेव्हा सी. के. नायडू बॅट उगारून मध्ये उभे राहिले, असे फजल यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. फजल मुंबईहून विमानाने कराचीला पोहोचले आणि भारतीय संघातून त्यांनी नाव काढून घेतले. पाच वर्षांनी ते परत आले ते पाकिस्तानचे गोलंदाज म्हणून. त्या संघाचे कर्णधार अब्दुल हफीज कारदार आणि फिरकी गोलंदाज अमीर इलाही हे दोघे आधी भारताकडून कसोटी खेळलेले होते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये ब्रेबॉर्नवर झालेली कसोटी भारताने दहा गडी राखून जिंकली. हजारे नाबाद १४६, पॉली उम्रीगर १०२, विनू मांकड यांचे आठ बळी. आता पारशी उम्रीगर, ख्रिस्ती हजारे आणि हिंदू मांकड एका संघात होते. पंचरंगीतली फूट पुसली गेली होती आणि तिच्या जागी एक आंतरराष्ट्रीय सीमा आली होती. या निकालानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. पुढच्या सलग तेरा भारत-पाकिस्तान कसोट्या अनिर्णित राहिल्या : १९५२-५३ मधल्या उरलेल्या दोन, १९५४-५५ च्या पाच, १९६०-६१ च्या पाच आणि १९७८ ची फैसलाबादची. चुरस वाढली की खेळ रंगतो, हा समज इथे साफ खोटा ठरतो. हरण्याची किंमत राजकारणाने इतकी चढवून ठेवली होती की दोन्ही कर्णधार जिंकण्याचा धोका पत्करेनात. डिसेंबर १९६० मध्ये हनीफ महंमद यांनी ब्रेबॉर्नवर १६० धावा काढल्या, त्या पाहायला गर्दी लोटली, सामना मात्र सुटला नाही.

पंचरंगी ही शेवटपर्यंत शहरी गोष्ट राहिली. बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटसारखी गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. मुंबईच्या जिमखान्यांचे हेवेदावे हा त्यांच्या जगण्याचा भाग नव्हता. भारत-पाकिस्तान सामन्याचे तसे नव्हते. आधी ट्रान्झिस्टरने आणि मग दूरदर्शनने तो मराठवाड्यातल्या पारांपर्यंत नेला, आणि ज्या माणसाने ब्रेबॉर्न कधी पाहिले नव्हते तोही त्याचा पक्षकार झाला. मैदानाबाहेरचा प्रेक्षक मैदानातल्या प्रेक्षकापेक्षा शेकडो पटींनी मोठा झाला आणि राजकारणाला खरा रस त्याच्यातच होता.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे १९६१ ते १९७८ दोन्ही देश एकमेकांशी कसोटी खेळले नाहीत. जनता सरकारच्या काळात संबंध सैल झाले आणि दौरे सुरू झाले. दरम्यान मुंबईत मैदान बदलले होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटणीवरून वाजले, १९३७ च्याच विषयावरून, आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभे केले. तिथे जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली. डिसेंबर १९७९ मध्ये वानखेडेवर भारताने पाकिस्तानला १३१ धावांनी हरवले. त्यानंतर या दोन देशांची कसोटी मुंबईत झालेली नाही. जानेवारी १९८२ मध्ये हॉकीचा विश्वचषक मात्र मुंबईतच झाला आणि तो पाकिस्तानने जिंकला.

राजकारणाने तापवलेल्या अशा चुरशीला जगात जवळचा दाखला आइस हॉकीचा आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पुढच्या वर्षीची जागतिक स्पर्धा प्रागमध्ये व्हायची होती ती स्टॉकहोमला गेली, आणि तिथे चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला मार्च १९६९ मध्ये दोनदा हरवले. दुसऱ्या विजयाच्या रात्री प्रागमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, सोव्हिएत विमान कंपनी एरोफ्लोटचे कार्यालय फोडले गेले, आणि त्याचे निमित्त करून मॉस्कोने एप्रिलमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे नेते दुबचेक यांना पदावरून दूर करायला लावले. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची आठ सामन्यांची मालिका शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसन यांच्या गोलने निकाली निघाली. २२ फेब्रुवारी १९८० रोजी, अफगाणिस्तानवरच्या आक्रमणानंतर दोन महिन्यांनी, अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंनी लेक प्लॅसिडला सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कॅनडाला ५१ वे राज्य करण्याची भाषा अमेरिकेच्या अध्यक्षांनी सुरू केल्यावर माँट्रियलच्या कॅनडा-अमेरिका सामन्यात अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो मिळाली आणि पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पाच दिवसांनी बोस्टनला त्या स्पर्धेचा अंतिम सामना कॅनडाने जादा वेळेत जिंकला. या सगळ्या उदाहरणांत राग बर्फावर उतरला, सामना झाला. मुंबईत तो होण्याआधीच थांबू लागला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात येणार होता. काश्मीरमध्ये दहशतवाद पेटला होता आणि शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी पाकिस्तानशी खेळायला विरोध जाहीर केला होता. शिशिर शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शिवसैनिकांनी वानखेडेत शिरून खेळपट्टी उखणली. दौरा रद्द झाला. या कृतीचे राजकीय गणित अचूक होते. खर्च नगण्य, प्रसिद्धी अमाप. आणि खेळपट्टी ही अशी वस्तू आहे की ती बिघडली की सामना आपोआप बारगळतो, कोणाला निर्णय घ्यावाच लागत नाही. १९९३ मध्ये हीरो चषकातून पाकिस्तानने माघार घेतली. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीत फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी खोदली गेली आणि मुंबईत ब्रेबॉर्नमधल्या नियामक मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. १९८३ च्या विश्वचषकालाही इजा झाली. तरीही पाकिस्तानचा त्या वर्षीचा भारत दौरा पार पडला. चेन्नईत सचिन तेंडुलकरच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला, आणि प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. चेन्नईला जमले ते मुंबईला जमले नसते असे म्हणता येणार नाही. १९४४ चा प्रेक्षक इथलाच होता. मुंबईच्या प्रेक्षकाला ती संधीच मिळाली नाही. शिवाय विरोध करणाऱ्यांचा क्रिकेटवर राग होता असेही नाही. २००४ मध्ये पाकिस्तानचे माजी फलंदाज जावेद मियाँदाद ठाकरे यांच्या घरी, मातोश्रीवर गेले तेव्हा ठाकरे यांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.

२००५ आणि २००७ च्या दौऱ्यांत मुंबईला एकही सामना दिला गेला नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर प्रश्न एका पक्षाच्या विरोधापुरता राहिला नाही. खुद्द शहरावरच घाव पडला होता आणि जानेवारी २००९ चा भारताचा पाकिस्तान दौरा रद्द झाला. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर होता. मोहालीच्या उपांत्य सामन्यात भारताऐवजी पाकिस्तान जिंकला असता तर काय झाले असते, याची चर्चा त्या आठवड्यात मुंबईत सर्वत्र होती. २०१३ च्या महिला विश्वचषकात पाकिस्तानचे सामने मुंबईहून कटकला हलवले गेले. १९ ऑक्टोबर २०१५ रोजी नियामक मंडळाचे अध्यक्ष शशांक मनोहर आणि पाकिस्तानी मंडळाचे शहरयार खान यांची बैठक ठरली असताना शिवसैनिक वानखेडेतल्या कार्यालयात घुसले. बैठक रद्द झाली आणि त्याच आठवड्यात मुंबईत होणाऱ्या भारत-दक्षिण आफ्रिका सामन्यातून पाकिस्तानी पंच अलीम दार यांना मागे घेण्यात आले. आता विरोध संघापुरता न राहता पंचापर्यंत पोहोचला होता.

नंतर या गोष्टी वेळापत्रकातच लिहिल्या जाऊ लागल्या. २०२३ च्या विश्वचषकात पाकिस्तान उपांत्य फेरीत आला तर त्याचा सामना मुंबईऐवजी कोलकात्याला होईल, अशी तरतूद आधीच केलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२७ पर्यंतच्या स्पर्धांत भारत-पाकिस्तान सामने त्रयस्थ देशात खेळवण्याचे ठरवले. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर आणि लष्करी कारवाईनंतर सप्टेंबरात संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषक झाला. मुंबईचा सूर्यकुमार यादव भारताचा कर्णधार होता. नाणेफेकीला आणि सामन्यानंतर पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन झाले नाही, आणि अंतिम सामना जिंकल्यावर भारतीय संघाने आशियाई परिषदेचे पाकिस्तानी अध्यक्ष मोहसिन नकवी यांच्या हातून चषक घेतला नाही. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. पाकिस्तानचे त्या स्पर्धेतले सगळे सामने कोलंबोत झाले होते, आणि पाकिस्तान अंतिम फेरीत पोहोचला असता तर तो सामनाही नवी मुंबईऐवजी कोलंबोत खेळवला जाणार होता.